चावरी कुत्री सुधरवता सुधरवता ट्रेनर होता येईल का?

पत्र थोडक्यात असं आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाजवळचा २६ वर्षांचा मुलगा. बीकॉम झालाय, कृषी सेवा केंद्रात कामाला, पगार १२ हजार. शेतातल्या आखाड्यावर तीन कुत्री सांभाळतो, तिन्ही दुसऱ्यांनी सोडून दिलेली. त्यातला काळ्या दोन माणसांना चावलेला, लोक काठ्या घेऊन त्याच्या मागं लागले होते तेव्हा यानं उचलून आणलं, यूट्यूबवर बघून 'बॉस कोण' ते त्याला दाखवून दिलं असं तो लिहितो, आणि आठ महिन्यांत काळ्या याच्या बाजेखाली झोपायला लागला. त्यावरून त्याला वाटतंय की हेच आपलं काम. नोकरी सोडायची, अशीच बिघडलेली कुत्री आणून सुधरवायची आणि त्यातूनच डॉग ट्रेनर व्हायचं. पुण्यातला ६० हजारांचा एक कोर्स बघून ठेवलाय, कर्ज काढायची तयारी आहे. लातूरचे एक गृहस्थ आपला चावणारा जर्मन शेफर्ड फुकट द्यायला तयार आहेत. वडील म्हणतात कुत्र्यामागं फिरून कुणाचं पोट भरलंय का. घरात लग्नाचं बघणं चालू आहे. नोकरी सोडू का, एवढंच त्याला विचारायचंय. आणि अगदी शेवटी एक ओळ: "भावाची तीन वर्षांची लेक आखाड्यावर आली आणि काळ्याजवळ गेली तर तो नुसता गुरगुरतो, करत काही नाही."

बाळा, तुला तूच म्हणते, माझ्या थोरल्या लेकाच्या वयाचा आहेस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीवर येऊन थांबले. म्हणून नोकरी, कोर्स, लातूरचा शेफर्ड हे सगळं मागून बोलू, आधी तुझी पुतणी.

नुसतं गुरगुरणं असं काही नसतंच. कुत्रं गुरगुरतं म्हणजे त्याच्याकडचं बोलणं संपत आलेलं असतं, त्याच्यापुढं दातच. त्याच्या आधी ते कितीतरी सांगून गेलेलं असतं, तोंड दुसरीकडं वळवतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, नाकावरून जीभ फिरवतं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं आणि मग अंग आखडून एका जागी थिजतं. हे तुला मला शिकून दिसतं, तीन वर्षांच्या लेकराला नाही दिसत, आणि लेकराचं तोंड बरोबर कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतं. आजपासून पोरगी आखाड्यावर येणार असेल तर काळ्या जाळीच्या आत, दाराला कडी, आणि शिवाय एक मोठं माणूस पोरीजवळ. दोन्ही पाहिजेत, एकावर भागवू नको, कारण कडी कधीतरी लावायची राहते आणि माणूस कधीतरी फोनवर असतं. आणि गुरगुरला म्हणून काळ्याला काठी दाखवू नको. मार खाऊन तो गुरगुरणं बंद करील, भीती तिथंच राहील, आणि पुढच्या वेळी न सांगता चावेल. मग आपण म्हणतो अचानक चावलं.

हे मी माझ्या हातून झालेल्या चुकीवरून सांगते. परभणीला असताना आमच्या घरी एक कुत्री आणली होती, रस्त्यावर मार खाल्लेली, कुणी केरसुणी उचलली की अंगावर यायची. चार महिन्यांत एकदम शांत झाली, मला वाटलं झालं माझं काम, आणि मी ती एका ओळखीच्या घरी देऊन टाकली. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या मुलाच्या हाताला चावली, पोराला सगळी इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि त्या घरानं पुन्हा कुत्रं पाळलं नाही. नंतर बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की कुत्री बदललीच नव्हती, आम्ही बदललो होतो. ती आत असताना आम्ही झाडायचोच नाही, केरसुणी दाराआड गेली होती, पाहुणे आले की तिला मागच्या अंगणात न्यायचो, आणि हे इतकं सवयीचं झालं होतं की त्या लोकांना सांगायचंसुद्धा मला सुचलं नाही. त्या पोराच्या आईचं तोंड मला अजून आठवतं.

म्हणून तुला विचारते, काळ्या सुधारला का तुझा आखाडा त्याच्या सोयीचा झाला? तो तुझ्या बाजेखाली झोपतो हे फार मोठं आहे, मार खाल्लेल्या जिवानं पुन्हा एका माणसावर विश्वास टाकला, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण तूच लिहिलंयस की सालगडी आला तरी त्याला बांधावं लागतं. म्हणजे काळ्यानं तुला आपलं मानलंय, बाकीची माणसं अजून त्याच्यासाठी काठीवालीच आहेत. ट्रेनरचं काम नेमकं तिथून सुरू होतं, कुत्रं दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या दारात, आपण नसताना कसं वागेल ते.

आता ते बॉसचं. ही कल्पना मोठ्या प्रमाणात रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या अभ्यासातून आली, त्यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे बघितले होते, आणि अनोळखी जनावरं एका जागी कोंडली की मारामाऱ्या होणारच. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकानं पुढं तीच कल्पना लोकांपर्यंत नेली, पण मग कॅनडाच्या उत्तरेला एल्समेअर बेटावर जाऊन जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर १९९९ मध्ये त्यानंच लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं, घरच असतं ते, तिथं रोज कुणी कुणाला पाडून मालकी सिद्ध करत नाही. काळ्याला उताणं पाडून धरलं असशील तर ते आता सोड. तो तुझ्याजवळ आला तो तू रोज वेळेवर भाकर घातलीस, मारलं नाहीस, रात्री जवळ झोपलास म्हणून आला असणार. श्रेय चुकीच्या गोष्टीला देऊ नको, नाहीतर पुढच्या कुत्र्यावर तीच चुकीची गोष्ट जोरात करशील.

भीती काढायची रीत धीम्या चालीची आहे आणि व्हिडिओत बघायला मजा येत नाही अशी आहे. शाळेत पावलॉव शिकलास ना, अन्न येणार हे कळलं की कुत्र्याच्या तोंडाला आधीच पाणी सुटतं, तेच इथं माणसाच्या बाबतीत करायचं. सालगड्याला इतक्या लांब उभं कर की काळ्या त्याला बघतो पण आखडत नाही, ४० फूट असेल, ६० असेल, ते काळ्या सांगेल. सालगडी दिसला की तू चिकनचा बारीक तुकडा द्यायचा, तो आडोशाला गेला की तुकडे बंद. चार-पाच मिनिटं, मग बास. काही दिवसांनी सालगडी दिसल्याबरोबर काळ्या तुझ्याकडं वळून बघायला लागेल, की आता तुकडा येणार, तेव्हा पाचेक फूट जवळ. गुरगुरला तर चूक तुझी, तू घाई केलीस, मागं जा. भांड्यावरून गुरगुरणाऱ्याचंही असंच. आपल्या नरसीच्या नामदेवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कुत्र्यानं पोळी पळवली तर महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. मी ती दयेची गोष्ट म्हणून ऐकत मोठी झाले, पण चावऱ्या कुत्र्यांसोबत राहिल्यावर मला त्यात शिकवणसुद्धा दिसायला लागली: तोंडातलं हिसकावायचं नाही, वरून आणखी द्यायचं. फक्त मागं धावायचं नाही, एवढं सोडून बाकी तंतोतंत. भांड्याच्या लांबून जाता जाता जास्त चांगला तुकडा टाकायचा आणि निघून जायचं, रोज, महिनाभर, माणूस आलं म्हणजे कमी होत नाही तर वाढतं हे त्याला पटेपर्यंत.

आणि ह्या सगळ्याच्या आधी दवाखाना. कान सडलेला, दात मोडलेला, कंबरेला जुना मार लागलेला, गोचीड तापानं अंगातून गेलेला जीव चिडचिडा होतोच, आणि दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही तुकडे टाक, दुखायचं थांबत नाही. तालुक्याला नीट तपासणी होत नसेल तर परभणीला किंवा उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, एक दिवस सुट्टी काढून काळ्याला घेऊन जा. नसबंदीही करून घे, पण ती केली की चावणं थांबतं असं समजू नको, भीतीनं चावणारं कुत्रं नसबंदीनंतरही घाबरतंच. चांगलं राहणारं कुत्रं चार-दोन दिवसांत एकदम वेगळं वागायला लागलं, लाळ गळतीये, आवाज बदललाय, गिळता येत नाही, समोर येईल त्याला चावतंय, तर ती ट्रेनिंगची केस नाही, लांब व्हायचं आणि जनावरांच्या दवाखान्याला कळवायचं.

तुझी स्वतःची रॅबीजची इंजेक्शनं झालीत का, पत्रात नाही. चावऱ्या कुत्र्यांत काम करणाऱ्यानं ती चावायच्या आधीच घ्यायची असतात, पहिलं इंजेक्शन, त्यानंतर सात दिवसांनी दुसरं, आणि पहिल्यापासून २१ किंवा २८ दिवसांनी तिसरं. तरीही पुढं कधी चावलं तर दोन डोस परत घ्यावे लागतात, झालीत म्हणून घरी बसायचं नाही. आणि चावल्यावर पहिलं काम साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं. आपल्याकडं अजून तिखट भरतात, चुना लावतात, कुणा बाबाकडं नेतात, त्यात वेळ जातो आणि रॅबीज एकदा दिसायला लागला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. हे तू तुझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलंस तर तेच तुझं मोठं काम होईल.

आता धंद्याकडं येऊ. डॉग ट्रेनर व्हायला आपल्याकडं कुठलंही सरकारी लायसन्स लागत नाही. हे तुला सोपं वाटेल पण त्याचाच धोका आहे, उद्या कुणीही बोर्ड लावू शकतो, म्हणून तुझ्या हाताला खरंच काही येतं का हे तुझं तुलाच कडक तपासावं लागणार. बाहेर सीपीडीटी नावाची एक परीक्षा आहे, तिला बसायलाच किमान ३०० तास प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव मागतात. तू ती दे असं मी म्हणत नाही, पण ३०० हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि तास मोजायला लाग.

आणि ते तास चावऱ्या कुत्र्यांवर नको. इथं तुझा माझा विचार वेगळा आहे. तुला वाटतं अवघड केस सुधरवली की सोपी आपोआप जमेल. मला उलटं वाटतं, ज्यानं ५० धडधाकट, आनंदी पिल्लं जवळून बघितलेली नाहीत त्याला बिघडलेलं नेमकं कुठं बिघडलंय ते दिसत नाही. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत जे दिसतं, माणसं, लेकरं, छत्र्या, मोटरसायकल, बँडबाजा, ते त्याच्यासाठी जगातलं नेहमीचं होऊन जातं. आपल्याकडं नेमकं त्याच वयात पिल्लाला पोत्यात घालून आणतात, आखाड्यावर बांधतात, आणि वर्षानं म्हणतात हे कुणालाच जवळ येऊ देत नाही. तुझ्या गावातल्या, दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांच्या घरच्या पिल्लांपासून सुरू कर. रविवारी सकाळी, कामावरून सुटल्यावर, सुरुवातीला फुकट. बस, थांब, इकडं ये, सोड, ही चार कामं मराठीतच शिकव, कारण रोज बोलणार आहे ती त्या घरची आजी. आणि घरातल्या सगळ्यांना एकच शब्द ठरवून दे, आपल्याकडं जवळ आलं तरी हाड, लांब गेलं तरी हाड, त्या बिचाऱ्यानं काय समजायचं.

यात तुला एक गोष्ट कळेल, या कामात कुत्रं सोपं असतं, माणूस अवघड. तासातली पंधरा मिनिटं कुत्र्यासोबत जातात आणि बाकीची घरच्यांना समजावण्यात. तुला कुत्री आवडतात कारण माणसांचा कंटाळा येतो असं तू एका ठिकाणी लिहिलंयस. मग हे काम तुला आवडेल का, यावर नीट विचार कर. मला वाटतं आवडेल, कारण कृषी केंद्रात तू रोज हेच करतोस, आलेल्या शेतकऱ्याचं ऐकून घेतोस आणि त्याला झेपेल तेवढंच सांगतोस, ती नोकरी तुझी शाळाच चालूय असं धर.

६० हजार कर्ज काढून लगेच भरू नको. आधी फोन करून विचार: प्रत्यक्ष कुत्री हातात किती तास देता, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकवता का, शॉकचे पट्टे, काट्यांचे पट्टे वापरता का, आणि एक दिवस येऊन नुसतं बसून बघू द्याल का. बसू देत नसतील तर पैसे देऊ नको. १५ दिवसांत कुत्रं ठेवून घेऊन सुधरवून देतो म्हणणाऱ्यांकडून तर लांबच राहा, माझी केरसुणीची गोष्ट आठव.

आणि तुझ्याकडं असं काहीतरी आहे जे पुण्यामुंबईच्या ट्रेनरकडं सहसा नसतं. आपल्या भागातली कुत्री तुला कळतात. लातूर-नांदेडकडं कारवान आहे, नजरेवर पळणारं, दूरवर काही हललं की सुटणारं, त्याला लॅब्राडोरसारखं शिकवायला गेलं तर ते ऐकत नाही आणि मालक म्हणतो बिनडोक आहे. बिनडोक नाही, त्याला पळायला रान पाहिजे आणि तो दिवसभर साखळीला आहे. (सशाच्या शिकारीला नेणं हा उपाय नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.) दिवसरात्र आखूड साखळीला बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही हेही लोकांना माहीत नसतं. मार्गशीर्षात लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोड्यांसारखं कुत्र्यांचंही प्रदर्शन असतं. एक दिवस तिथं जा, व्हिडिओ काढू नको, नुसतं गर्दीतल्या कुत्र्यांकडं बघ, कोण जांभया देतंय, कोण शेपूट ताठ करून हलवतंय आणि मालक त्याला खूश समजतोय. ज्या देवाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतो, देवाचं कुत्रं म्हणवतो, त्याच्या दारात हे शिकायला मिळतं हे मला फार आवडतं.

वडलांचं म्हणणं उडवून लावू नको, अर्धं बरोबर आहे. टाकलेली कुत्री सांभाळणं हा खर्च आहे, ट्रेनिंग ही कमाई आहे, आणि तू दोन्ही एकाच पोत्यात भरलंयस. दोन वह्या कर. एकीत भाकर, औषध, लस, जाळी, दुसरीत शिकवण्याचे आलेले पैसे. दुसऱ्या वहीत सलग सहा महिने तुझ्या पगाराच्या निम्मे पैसे दिसले की वडलांसमोर ती वही ठेव आणि तेव्हा नोकरीचं बोल. तोपर्यंत सोडू नको. लग्नाच्या मुलीला पण हे सगळं आधीच सांग, तिला आणि तिच्या घरच्यांना आखाड्यावर आण, काळ्या जाळीआड असू दे, लपवू नको.

आखाड्यावर एका वेळी चावरं कुत्रं एकच, हा नियम मात्र आत्ताच कर. मन मोठं असलं तरी आखाडा तेवढाच असतो, आणि पाचवं-सहावं आलं की कुणालाच वेळ मिळत नाही, सगळी बांधलेली राहतात. शिवाय सगळी सुधारतात असंही नाही. अमेरिकेत २००७ मध्ये मायकल विक या फुटबॉल खेळाडूच्या व्हर्जिनियातल्या जागेवरून झुंजीची पन्नासेक कुत्री सोडवली, प्रत्येकाची वेगळी तपासणी झाली, बरीचशी घरात रुळली, पण जाणकार माणसं, पैसा, डॉक्टर सगळं असूनसुद्धा काहींना जन्मभर आश्रमातच ठेवावं लागलं. काळ्याही कदाचित आयुष्यभर तुझाच राहील, चार माणसांपलीकडं नाही जाणार. तरी त्याचं आयुष्य चांगलं जाऊ शकतं. फक्त ते कुणाला दाखवायचं सर्टिफिकेट नको करू.

असंच एक पत्र हिंगोलीच्या मुलीचंही आहे, ती रूमजवळची मोकाट कुत्री आणून ठेवायचं म्हणते, तिलाही इथंच सांगते. २०२३ च्या नियमांप्रमाणं रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि लस करून त्याला त्याच्याच जागी सोडायचं असतं. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं शाळा, दवाखाने, बस स्टँड अशा ठिकाणची उचललेली कुत्री परत तिथं न सोडण्याचा आदेश दिला, म्हणून स्टँडवर खायला घालत असशील तर जागा बदल, लेकरं खेळतात तिथंही नको. एखादं घरी आणलंस तर ते तुझं झालं, आणि आपल्या ताब्यातल्या जनावराची पुरेशी काळजी न घेतल्यानं माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ कलमाखाली जबाबदारी आपल्यावर येते, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाळा, काळ्याच्या बाबतीत हे तुलाही लागू आहे.

राहिला लातूरचा शेफर्ड. आणू नको. फुकट देतायत म्हणजे त्यांना तो नकोसा झालाय, आणि तुझ्याकडं तीन वर्षांची पोरगी आणि काळ्या आहे. पण नाही म्हणून फोनही ठेवू नको. त्यांना सांग, कुत्रं तुमच्याकडंच राहू द्या, आधी उदगीरला दाखवून आणा, नेताना जाळीचं मझल, म्हणजे तोंडाला मुसकं घाला, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल, पट्टीचं घट्ट मझल नको, आपल्या उन्हात त्यात कुत्रं गुदमरून मरतं. मग विचार की तो कुणाला चावला, किती वाजता, कुठं उभा होता, दिवसातले किती तास बांधलेला असतो. हे सगळं वहीत लिहून घे. डॉक्टरांचा कागद आला की एका रविवारी लातूरला जा आणि पहिल्या दिवशी कुत्र्याला हातही न लावता तासभर त्या घरात नुसता बसून बघ. त्या तासाचे पैसे माग, थोडे का असेना, आणि ते दुसऱ्या वहीत लिही.